उत्तर न येणे म्हणजे काय? सर्व्हरचे अपडेट, टाइमआउट आणि अनुपलब्धी

मागच्या दोन व्याख्यानांत प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणे झाली. आज अनुपलब्धी. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशावरून कळते, हा आजचा प्रश्न. शास्त्रात याचे ठरलेले उदाहरण म्हणजे जमिनीवर घट नाही. पण या मालिकेच्या श्रोत्यांत संगणकावर पोट असलेले बरेच जण आहेत, हे तुमच्या प्रश्नांवरूनच कळते. म्हणून आज घट जरा बाजूला ठेवू आणि सर्व्हर घेऊ. ज्यांचा सर्व्हरशी संबंध नाही त्यांनीही बसावे, उठून जाऊ नये. जे काही तांत्रिक येईल ते मी सोपे करून सांगतो.

समजा, एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर वीस-पंचवीस जणांच्या वेबसाइट आहेत. कुणाचे दुकान, कुणाची शाळा, कुणाचा दवाखाना. रोज रात्री दोन वाजता तो सर्व्हर आपले आपण बघतो, की आपल्याकडच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या आल्यात का. लिनक्सवर सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात मिळते. ही पॅकेजे जिथे ठेवलेली असतात ते कोठार म्हणजे रिपॉझिटरी, आणि त्या कोठाराच्या जगभर ज्या हुबेहूब नकला असतात त्यांना मिरर म्हणतात. डेबियन आणि उबुंटूवर हे आणण्याचे काम एपीटी करतो. रेड हॅटच्या कुळात पूर्वी यम करायचा, आता डीएनएफ करतो. तर एके दिवशी सर्व्हर सांभाळणारा माणूस लॉग उघडतो आणि त्याला दिसते, की गेले तीन आठवडे रोज रात्री एकच ओळ आहे. टाइमआउट. वेबसाइट मात्र सगळ्या चालू. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

यात बिघडले काय, असे कुणी विचारील. ७ एप्रिल २०१४ ची गोष्ट आठवा. ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड नावाची चूक त्या दिवशी जाहीर झाली. बाहेरचा कोणीही माणूस सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा मागून घेऊ शकत होता, पुन्हा पुन्हा मागू शकत होता, आणि त्या तुकड्यात पासवर्ड असू शकत होते, गुप्त किल्ल्या असू शकत होत्या. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी निघाली आणि मोठ्या लिनक्स वितरणांची पॅकेजे एक-दोन दिवसांत कोठारात येऊन पडली. म्हणजे औषध तयार होते, फुकट होते. ज्याचा सर्व्हर त्या आठवड्यात कोठारापर्यंत पोचत नव्हता त्याच्यासाठी मात्र ते नव्हतेच. आणि त्याचीही वेबसाइट चालूच होती बरं का. दार उघडे असलेले घर बाहेरून बंद घरासारखेच दिसते.

याहून एक वाईट गोष्ट आहे, आणि मला वाटते आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. एपीटी अपडेट करतो तेव्हा दोन पायऱ्या असतात. आधी कोठारातली यादी आणायची, मग त्या यादीशी ताडून नवी पॅकेजे घ्यायची. यादी आणताना टाइमआउट झाला तर एपीटी काय करतो? इशारा देतो, की काही याद्या मिळाल्या नाहीत, जुन्याच वापरल्या आहेत. आणि पुष्कळदा काम यशस्वी झाल्याचाच संकेत देऊन बाहेर पडतो. दुसरी पायरी सुरू होते, जुन्या यादीशी ताडते आणि सांगते, नवीन पॅकेजे शून्य. आता हे शून्य वाचणाऱ्याला काय वाटेल? की सगळे अद्ययावत आहे. खरे काय आहे? की आपण कोठारात गेलोच नाही. ‘नवीन काही नाही’ आणि ‘नवीन काही आहे की नाही ते मी पाहिलेच नाही’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, आणि छापून मात्र दोन्ही वेळा तेच शून्य येते.

इथे आपल्या मीमांसकांना बोलवावे लागते. कुमारिल भट्टांचा पक्ष आणि पुढे अद्वैती, हे अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात. प्राभाकर मानत नाहीत. नैयायिक म्हणतात, अभाव हा प्रत्यक्षच कळतो. बौद्ध धर्मकीर्ती तिला अनुमानात घालतो. भांडण बरेच जुने आहे, पण एका गोष्टीवर अनुपलब्धी मानणारे सगळे सावध आहेत. नुसते न दिसणे पुरत नाही. ते न दिसणे योग्य असावे लागते. म्हणजे काय? ती गोष्ट तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. लख्ख उजेडात, डोळे शाबूत असताना, समोरच्या जमिनीवर घट दिसत नाही, तर घट नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच? ते उजेडातही दिसत नाही, कारण ते दिसण्याजोगेच नाही असे मानलेले आहे. म्हणून पिशाच न दिसणे हा पिशाच नसल्याचा पुरावा होत नाही. हा दाखला त्या लोकांनी फार गंभीरपणे चर्चिला आहे, हसू नका.

टाइमआउट ही अशीच अनुपलब्धी आहे. मी विचारले, ठरावीक वेळ थांबलो, उत्तर आले नाही. एवढेच. यात जगाविषयी काही विधान नाही, माझ्या थांबण्याविषयी आहे. तीस सेकंद हा आकडा यम आणि डीएनएफचा ठरलेला आहे. तो कुणीतरी बसून ठरवलेला आहे, निसर्गात तीस सेकंदांना काही महत्त्व नाही. खुद्द लिनक्सचे कर्नल जोडणीची हाक मारते तेव्हा उत्तर न आल्यास एक सेकंद, मग दोन, चार, आठ असे अंतर दुप्पट करत सहा वेळा पुन्हा हाक मारते आणि १२७ सेकंदांनी नाद सोडते. नव्या कर्नलांत हे आकडे थोडे बदललेत. सांगायचे ते एवढेच, की कुठेतरी थांबावे लागते. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी वितरित संगणनावर एक प्रसिद्ध सिद्धता दिली. निरोपाला किती वेळ लागेल याची मर्यादाच नसेल, तर पलीकडचा मेला आहे की नुसता सावकाश आहे हे खात्रीने ओळखता येत नाही, ही अडचण त्या सिद्धतेच्या मुळाशी आहे.

आता टाइमआउट आणि नकार यांत गल्लत करू नका. दार वाजवले आणि आतून आवाज आला, ‘इथे कोणी राहत नाही’, तर ते उत्तर आहे. सर्व्हरच्या भाषेत ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे हे. पलीकडे यंत्र आहे, जिवंत आहे, पण त्या दाराशी कुणी बसलेले नाही. त्याचप्रमाणे ‘होस्टचे नाव सापडले नाही’ हेही उत्तरच. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यानंतर मिररची यादी देणारे ते जुने नाव बंद झाले आणि असंख्य जुन्या सर्व्हरांवर ही ओळ दिसू लागली. तिथे कितीही वेळ थांबा, उपयोग नाही. पॅकेजे व्हॉल्ट नावाच्या जुन्या वस्तूंच्या कोठारात हलवलीत, आणि खरे तर तो सर्व्हरच नव्या प्रणालीवर न्यायला हवा. नकार मिळाला की निम्मे काम झाले, असे समजावे. कष्टाचे काम आहे ते शांततेचे.

पण शांतताही एकच नसते. यम आणि डीएनएफ पलीकडे बोलायला कर्ल नावाचे साधन वापरतात आणि टाइमआउट झाला की त्याचा क्रमांक २८ छापतात. लोक हा अठ्ठावीस आकडा घेऊन हिंडतात. आकड्याच्या पुढचे वाक्य कुणी वाचत नाही, आणि खरी माहिती त्याच वाक्यात आहे. ‘रिझॉल्व्हिंग टाइम्ड आउट’ असेल तर नावाचा पत्ता विचारतानाच शांतता झाली. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल तर पत्ता मिळाला, दार वाजवले, तिथे शांतता. आणि ‘ऑपरेशन टू स्लो’, गेल्या तीस सेकंदांत दर सेकंदाला हजार बाइटपेक्षा कमी, असे असेल तर दार उघडले, बोलणे सुरू झाले आणि मध्येच थांबले. एकाच क्रमांकाखाली तीन वेगळ्या शांतता आहेत. तिघींची कारणे वेगळी. ज्याने हे वाचले नाही तो फायरवॉलमध्ये बदल करत बसतो आणि दोष असतो नावांच्या सर्व्हरात.

पहिली शांतता लवकर उरकू. नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर कोणते, हे इटीसी फोल्डरमधल्या रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ या फाइलीत लिहिलेले असते. सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवला, पण फाइलीत पहिल्या ओळीवर जुन्या ठिकाणचा पत्ता राहिला, असे होते. लिनक्स त्याला विचारतो, पाच सेकंद थांबतो, मग दुसऱ्याला विचारतो. प्रत्येक नावाला पाच सेकंद. काम होते, पण रखडत होते, आणि एखाद्या रात्री मर्यादा ओलांडते. डिग या कमांडने प्रत्येक नावसर्व्हरला वेगवेगळे विचारून पाहा, कोण गप्प आहे ते मिनिटात कळते.

दुसरी शांतता. इथे मंडळी दोन अनुमाने हमखास करतात आणि दोन्ही कच्ची असतात.

पहिले अनुमान असे. वेबसाइट चालू आहेत, म्हणजे सर्व्हरचे नेट चालू आहे. यात व्याप्तीच नाही. वेबसाइट चालू म्हणजे बाहेरचे लोक आत येऊ शकतात. अपडेट म्हणजे सर्व्हरने स्वतः बाहेर जाणे. होस्टिंगच्या सर्व्हरांवर या दोन वाटांचे नियम मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, कारण एखाद्याची वेबसाइट फोडली गेली तर त्या चोराला तिथून बाहेर हल्ले करता येऊ नयेत. म्हणून फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या पोर्टांची यादी असते. त्या यादीत ८० असेल आणि ४४३ नसेल, तर जुनी रिपॉझिटरी चालेल आणि एचटीटीपीएसवरची नवीन गप्प होईल. क्लाउडवर तर खासगी सबनेटमध्ये सर्व्हर ठेवायचा आणि बाहेर जायला नॅटची वाट द्यायचीच नाही, हे फार नित्याचे आहे. लोड बॅलन्सरमार्फत वेबसाइट दिसते, सर्व्हर मात्र आतून कोंडलेला.

दुसरे अनुमान पिंगचे. पिंग हे साधन माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिले आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव ठेवले. फार सुंदर साधन. पण आज कितीतरी सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. तेव्हा मिररला पिंग केले, उत्तर नाही, म्हणून मिरर बंद, हे पिशाचाचे उदाहरण झाले. तो असता तरी दिसला नसता. ट्रेसरूटमधल्या चांदण्यांचेही तसेच. मधल्या एखाद्या रूटरने उत्तर दिले नाही म्हणून तिथे चांदणी येते. त्याच्या पुढचा रूटर उत्तर देत असेल तर वाट मोडलेली नाही, मधला गृहस्थ फक्त अबोल आहे.

मग करायचे काय? ज्या दाराने काम आहे तेच दार वाजवायचे. कर्लने त्याच मिररचा, त्याच पोर्टवर, तोच पत्ता मागायचा. आणि मग जुना अन्वय-व्यतिरेक. हाच सर्व्हर, दुसरा मिरर. हाच मिरर, दुसऱ्या नेटवर्कवरचा सर्व्हर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर काही कळत नाही. हे मी वर्गात कित्येक वर्षे सांगितले, मुलांनी वहीत उतरवूनही घेतले, पण यंत्रापुढे बसल्यावर माणूस चार गोष्टी एकदम बदलतो. घाई असते ना.

आता या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. टीसीपीडंप नावाचे साधन आहे. ते सर्व्हरच्या नेटवर्क कार्डापाशी बसते आणि येणारीजाणारी पॅकेटे दाखवते. जोडणीची पहिली हाक म्हणजे सिन, आणि ‘ऐकले, बोला’ असे पलीकडचे उत्तर म्हणजे सिन-ॲक. साधन कुठे बसले आहे हे नीट लक्षात घ्या. बाहेर जाणारे पॅकेट आधी आपल्या फायरवॉलमधून जाते आणि मग टीसीपीडंपला दिसते. आत येणारे पॅकेट आधी टीसीपीडंपला दिसते आणि मग फायरवॉलकडे जाते. म्हणजे हा पहारेकरी कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला उभा आहे.

यातून काय निघते बघा. टीसीपीडंप एका खिडकीत चालू ठेवा, दुसऱ्या खिडकीत कर्ल चालवा. हाक दिसलीच नाही, तर ती आपल्याच फायरवॉलने गिळली किंवा भलत्याच वाटेने गेली. हाक गेली, उत्तर आलेले दिसते, पण हाका पुन्हा पुन्हा जाताहेत, तर उत्तर दारापर्यंत येऊन आपल्याच फायरवॉलने आत सोडले नाही. आणि हाक गेली, उत्तर आलेच नाही, तर दोष आपल्या यंत्राबाहेर आहे, डेटा सेंटर, मधली वाट किंवा मिरर. जी शांतता मघाशी काहीच बोलत नव्हती ती आता तीन वेगळी वाक्ये बोलते. कारण आता अनुपलब्धी योग्य झाली. हाक बाहेर पडली असती तर इथे दिसलीच असती, असे आपण म्हणू शकतो. इथे काही नवीन ज्ञान आले नाही, फक्त कुठे उभे राहून पाहायचे ते ठरले.

आपल्या फायरवॉलने गिळली असे निघाले तर नियम वाचा. आयपीटेबल्समध्ये पॅकेट अडवण्याचे दोन प्रकार आहेत. रिजेक्ट म्हणजे अडवले आणि तसे कळवले. ड्रॉप म्हणजे गुपचूप टाकून दिले. बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसाला ड्रॉप करा, हरकत नाही, चोराला कशाला सांगायचे? पण स्वतःच्याच घरातून बाहेर जाणाऱ्याला ड्रॉप करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तिथे रिजेक्ट ठेवा. घरच्या माणसाला ‘नाही’ असे तोंडावर सांगावे, तीस सेकंद दारात उभे करू नये. आणि चिडून सगळे नियम एका दमात पुसू नका. मूळ धोरण ड्रॉप असेल तर नियम पुसल्यावर तेवढेच उरते, आणि तुमचे स्वतःचे एसएसएचचे कनेक्शनही तिथल्या तिथे गोठते. मग डेटा सेंटरला फोन करून कन्सोल मागत बसा.

गजबजलेल्या होस्टिंग सर्व्हरवर आणखी एक कारण सापडते. फायरवॉल चालू जोडण्यांची एक वही ठेवते, तिला कॉनट्रॅक म्हणतात. गर्दीच्या वेळी, किंवा हल्ल्याच्या वेळी, वही भरते आणि नवीन जोडण्या आवाज न करता टाकल्या जातात. अपडेट दिवसा जात नाही, पहाटे जाते, असे असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल’ शोधा. तिथे ते स्पष्ट लिहिलेले असते.

आणि आयपीव्ही६. सर्व्हरला नव्या पद्धतीचा पत्ता दिलेला असतो, पण त्या पद्धतीने बाहेर जाणारी वाट कुठेतरी तुटलेली असते. नाव विचारले की मिररचे जुने आणि नवे दोन्ही पत्ते मिळतात, आणि नव्याला आधी मान असतो. तो गप्प. ब्राउझर हुशार असतात, ते थोडक्या वेळात दुसरा पत्ता धरतात, म्हणून तुमच्या घरच्या संगणकावर ही व्यथा कळतही नाही. कर्लला एकदा फक्त चार आणि एकदा फक्त सहा आवृत्तीने जायला सांगा. चारने लगेच गेले आणि सहाने अडकले, तर निदान झाले. एपीटीला ‘फोर्स-आयपीव्ही४’ सांगून काम चालवता येते, तोवर डेटा सेंटरकडून सहाची वाट दुरुस्त करून घ्या.

तिसरी शांतता, बोलता बोलता होणारी. पुष्कळदा मिररवर खरेच गर्दी असते आणि दुसरा मिरर निवडला की प्रश्न मिटतो. पण एक प्रकार विलक्षण आहे. जोडणी होते, लहानसहान निरोप जातात, मोठी फाइल मागितली की सगळे गोठते. इथरनेटवर एका पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइट. मधल्या वाटेवर एखादा बोगदा लहान असतो, व्हीपीएनचा म्हणा. मोठे पॅकेट तिथे अडते. तिथल्या रूटरने पाठवणाऱ्याला कळवायचे असते, की बाबा, लहान करून पाठव. हा निरोप आयसीएमपीने जातो. आणि कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेले असते. निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पाठवतो, ते पुन्हा अडते. घाटात कमी उंचीच्या पुलाची पाटीच काढून टाकली, तर काय होईल?

याची परीक्षा पिंगनेच होते, पण उत्तर देणाऱ्या पत्त्याला पिंग करून. तुकडे करू नको असे सांगून १४७२ बाइटचा मजकूर पाठवायचा. त्यावर २८ बाइटचे वेष्टण चढून १५०० होतात. हे जात नाही आणि १३०० चा जातो, तर बोगदा सापडला. इथे आधी लहान पिंगला उत्तर येते हे पाहिलेले असते, म्हणून मोठ्याचे उत्तर न येणे आता बोलके होते. सर्व्हरच्या कार्डाचा आकार, म्हणजे एमटीयू, १४०० वर आणला की डाउनलोड सुरळीत होते, कारण जोडणीच्या वेळीच आपण मिररला सांगतो, की मला एवढाच घास द्या.

काही प्रश्न आलेत, ते घेतो.

एक श्रोते विचारतात, टाइमआउट तीस सेकंदांचा तीनशे केला आणि अपडेट गेले, मग एवढा खटाटोप कशाला? पलीकडचा खरोखर सावकाश असेल तर ते बरोबरच आहे. पण पॅकेट कुणी गिळत असेल तर तीनशे सेकंद थांबून तीनशे सेकंदांनी तेच कळेल. आणि पुन्हा चालवल्यावर गेले, हे काकतालीय असू शकते. मिररच्या यादीतून दुसऱ्या वेळी दुसरे नाव लागले, म्हणून गेले. कावळा बसला आणि फांदी मोडली. उद्या रात्री पुन्हा पहिले नाव लागेल. कोणत्या मिररवरून गेले ते लॉगमध्ये पाहून मगच श्रेय द्या.

एक बाई विचारतात, की वैतागून त्यांच्या सहकाऱ्याने पॅकेजच्या सहीची तपासणीच बंद केली, त्याने काही होते का? टाइमआउटशी तिचा काहीही संबंध नाही. सही तपासायची वेळ पॅकेज हातात आल्यावर येते, इथे ते हातातच आलेले नाही. पण धोका मोठा. आपण अनोळखी मिररवरून सामान घेतो ते केवळ त्या सहीच्या भरवशावर. आजच ती पुन्हा चालू करायला सांगा.

शेवटचा प्रश्न चांगला आहे. सुरुवातीच्या उदाहरणात तीन आठवडे कुणाला कळलेच नाही. आमच्याकडे अपयश आले की ईमेल येते, मग ते पुरेसे नाही का? मी उलट विचारतो, ईमेल आले नाही यावरून तुम्ही काय समजता? बाहेर जाण्याची वाटच बंद असेल तर ईमेल तरी कशी निघेल? आणि एपीटी तर अपयशालाही पुष्कळदा यश म्हणून सोडून देतो, हे आपण पाहिले. नव्या आवृत्त्यांत ‘एरर-ऑन’ या पर्यायाला ‘एनी’ सांगितले की तो एक जरी यादी मिळाली नाही तरी अपयश धरतो, तेवढे आधी करा. मग अपयशाची वाट पाहणे सोडा आणि यशाची तारीख नोंदवा. शेवटची यादी यशस्वीपणे केव्हा आली, ती तारीख सर्व्हरने रोज बाहेरच्या दुसऱ्या यंत्राला कळवावी. त्या यंत्राने तीन दिवसांत नवी तारीख ऐकली नाही, तर आरडाओरड करावी. ही तपासणी त्याच सर्व्हरवर बसवू नका, वेगळ्या नेटवर्कवरचे एखादे लहानसे यंत्र पुरते. आणि हो, ओपनएसएसएलसारखे काही बदलले असेल तर वेब सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय जुनीच प्रत मेमरीत चालू राहते, तेही त्याच यादीत लिहून ठेवा.